मानाचा नाच

अमेरिकेतल्या बॉइसी शहरात, स्पेनकडून येऊन स्थायिक झालेल्या बास्क लोकांच्या मंडळात जेवणाची रांग लागली होती. पोरांना नाच शिकवणारी इचारो पुढे उभी होती आणि मागे दोन बायका बोलत होत्या.

"एदुर्ने, गावाहून आलेल्या आजीपुढे तुझ्या लेकीने मानाचा नाच काय सुरेख केला गं!"

कौतुक ऐकून इचारो मागे वळणारच होती, तोच एदुर्ने म्हणाली,

"नाचते छान. पण आजी आल्यापासून तिच्याशी गप्पच. शेवटी माझ्या आईने बास्क भाषेत विचारलं, माझा कंटाळा येतो का गं तुला?"

"मग?"

"हिला बास्कचा एकच शब्द येतो. गोड हसून म्हणाली, हो."

"अगं बाई! मग आईला सांगायचंस ना, पोरीला भाषाच येत नाही म्हणून!"

"कुठल्या तोंडाने सांगू? इतकी वर्षं फोनवर मीच तिला सांगत आलेय, घरात आम्ही बास्कच बोलतो."