भिंतीपलीकडची साथ

माझ्यासमोर संगीताचा विषय काढू नका गं, अजून लाज वाटते. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आमच्या शेजारी लुआना राहते. ती ब्राझीलची. तिकडचे पारंपरिक ठेके आजच्या पॉपमध्ये मिसळून गाणी करते. मी संध्याकाळी पोळ्या करायला घेतल्या की पलीकडे तिचा ढोल सुरू! मी चिडून लाटण्याने भिंत बडवायचे. ती क्षणभर थांबायची आणि दुप्पट जोरात वाजवायची.

"निर्लज्ज आहे बाई," मी नवऱ्याला म्हणायचे.

मग तिने आम्हा दोघांना तिच्या कार्यक्रमाला बोलावलं. स्टेजवरून म्हणाली, "पुढचं गाणं माझ्या शेजारणीमुळे सुचलं. मी इथे एकटीच वाजवायचे, ती भिंतीपलीकडून साथ द्यायला लागली." आणि खाली उतरून माइक थेट माझ्या तोंडासमोर. "कुठलं वाद्य आहे ते?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा शांतपणे म्हणाला, "लाटणं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या अगदी गुपचूप लाटल्या. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात लुआना, हातात सूपचं भांडं.

"आज तुझी साथ आली नाही. बरी आहेस ना?"