सतरा वर्षांत तीन गोल

देडतलाईच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि गळ्यात फुटबॉलचे बूट अडकवलेली त्यांची नात.

“मोबाइलात कोणाले पाहतेस?”

“स्कॉटलंडचा प्लेयर आहे, आबा. सतरा वर्षं एकाच क्लबात. कॅप्टन.”

“मग गोल लय मारले असतील.”

“तीनच.”

“सतरा वर्षांत तीन? अन् तरी त्याले कॅप्टन ठेवला?”

“डिफेंडर आहे ना. समोरच्यांना गोल मारू देत नाही.”

“म्हणजे आपल्या केळीभोवतीची शेवरी. तिले एक केळं लागत नाही, पण वारा तीच अडवते.”

“एकदम सही, आबा!”

“अन् तू काय खेळतेस?”

“तेच. आज सरांनी कॅप्टन केलं मला.”

“मंग आधी सांगायचं ना!”

“तुम्ही आधी गोलच विचारले असते.”

आबा झटकन माझ्याकडे वळले.

“भाऊ, ही माझी नात. कॅप्टन आहे. आजपर्यंत एक बी गोल नाही मारला!”