पाटोळे पाळकांचं शिफारसपत्र

जरा पेटी थांबवा, पेटीवाले! आधी एक सवाल. मंडळी, ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला जवळ ठेवावं की जाऊ द्यावं? – मागच्या बाया लगेच म्हणाल्या, "जवळ"! बरं, ऐका मग.

एका गावात शांतवन पाटोळे नावाचे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या चर्चच्या मंडळीतली लेक, सुवार्ता ओहोळ. हिब्रू शिकली, बायबलच्या जुन्या करारात डॉक्टर झाली! सुई टोचणारी नव्हे हं – नाहीतर गुडघे दाखवायला जाल! तिला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकवायचं होतं. पण अशा जागा निघतात किती? वर्षाला एखादी! आणि अर्जासोबत आपल्या पाळकाचं शिफारसपत्र हवंच, तेही बंद पाकिटात.

पाळकसाहेबांनी तीनदा पत्र दिलं. तिन्ही वेळा नकार! सुवार्ता म्हणाली, "साहेब, आता हा शेवटचा अर्ज. नाही झालं, तर हिब्रूची पुस्तकं माळ्यावर टाकते आणि बँकेची परीक्षा देते."

पाळकांनी मान खाली घातली. का? अहो, तिन्ही पत्रांत त्यांनी लिहिलं होतं – "सुवार्ताबाई आमचा उजवा हात आहेत. त्या गेल्या, तर आमचं संडे स्कूल बंद पडेल." एक शब्द खोटा नाही! पण हे वाचून कोणती सेमिनरी तिला नेईल? साहेबांना हे कळत नव्हतं? कळत होतं, मंडळी! पत्नी गेल्यापासून तीच एक त्यांची विचारपूस करायची. लेकीसारखी होती हो!

त्या रविवारी सुवार्ता चर्चमध्ये बायांना बायबलातल्या हन्नाची गोष्ट सांगत होती. हन्नानं आपला लहानगा शमुवेल देवाच्या सेवेसाठी मंदिरात ठेवला, आणि दरवर्षी ती त्याला छोटा झगा शिवून न्यायची. शिलाईकाम करणाऱ्या राहेलबाईंनी विचारलं, "अगं, पण माप कसं घ्यायची? पोरगं तर तिकडं!"

सुवार्ता हसली. "माप कसलं, मावशी! एवढा वाढला असेल, असं धरून शिवायची."

मागच्या बाकावर पाळक बसले होते. तडक उठले, घरी जाऊन नवं पत्र लिहिलं. संध्याकाळी तिला बोलावलं, जुन्या पत्रांचं सगळं सांगितलं आणि नवं उघडंच हातात दिलं.

"तीन वर्षं, साहेब!" ती रडली, रागावली. रागावणारच!

"चुकलो, बाळ. माफ कर. पण हे वाच."

पत्रात होतं – "हिला घ्या. आमचं आम्ही बघू. हिला आता आमचं गाव आखूड होतं."

जूनमध्ये नेमणूक झाली! संडे स्कूल आता साहेब स्वतः घेतात. पोरं टेबलावर चढतात, साहेब 'हल्लेलुया' म्हणत त्यांना खाली उतरवतात!

हसताय? हसा. पण घरी लेक आहे, सून आहे, धाकटा भाऊ आहे. "तुझ्यावाचून आमचं कसं होईल?" – कितीदा म्हणालात त्यांना? प्रेमानंच म्हणालात, ठाऊक आहे मला. आज घरी जा, त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा – "तू जा. आम्ही आहोत." जड जाईल. तरी म्हणा!