वर येऊ नकोस

"आई, गाडीने धडक दिली तर निदान नंबर तरी बघायचा. आता पोलिसांना काय सांगू?"

सिंगापूरमधल्या हौगांगच्या दवाखान्यात मागच्या बाकावरून चक्क मराठी कुरकुर आली. ओळख काढायला वळलेली नीता तशीच थांबली.

"सांग, चालताना पाय मुरगळला."

"ड्रायव्हर पळून गेला का?"

"नाही रे, बिचारा दार उघडून खुणेने घर विचारत होता. मीच त्याला जा जा केलं."

"घर तर समोरच होतं."

"प्रबोध, पुरे ना," सून पुटपुटली.

"पुरे काय? दुखऱ्या पायाने तासभर बिल्डिंगखाली का बसली, विचारतोय."

नीता पुन्हा समोर बघू लागली.

"तुझे साहेब जेवायला आले होते ना. ते जाईपर्यंत वर येऊ नकोस, तूच म्हणालास."