मुद्दाम हरण्याची नोकरी

दंतवैद्याकडे सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांना शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक मुलीचा बाप, दुसरा मुलाचा.

“पोरांचं जमलंय, माझी ना नाही. पण तुमचा मुलगा कमावतो का?”

“मोबाईल गेमच्या कंपनीत आहे. त्यांच्या जाहिरातीत गेम खेळताना मुद्दाम हरतो.”

“हरण्याचा पगार?”

“अहो, बघणाऱ्याला चीड येते. मी याच्यापेक्षा बरा खेळेन म्हणून तो गेम डाउनलोड करतो, आणि पुढे अडकला की पैसे भरतो.”

“असा कोण खुळा भरतो?... थांबा! त्या जाहिरातीत दर वेळी गेममधल्या राजाला पाण्यात बुडवणारं ते गाढव तुमचं?”

“थोरला. पाहिलंत वाटतं?”

“महिनाभर शिव्या घालतोय त्याला! काल शेवटी पदरचे पैसे भरून राजाला बाहेर काढलं.”

“मग कमावतो का, हे मला कशाला विचारता?”