ज्याला दिसत नाही त्याची खिडकी

...हो हो, मीच बसतो आतल्या खोलीत, बल्बखाली! तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, केसाहून बारीक स्प्रिंगा बसवतो, आणि खिडकीपाशी कोण? आमचे वडील. ज्यांना काहीही दिसत नाही!

तुम्हाला सांगतो, डोळ्यांचा पडदा झिजत झिजत बाबांची नजर पार गेली, तेव्हा मीच डोकं चालवलं. म्हटलं, ज्याला दिसत नाही त्याला खिडकी कशाला? त्यांचा पलंग आत हलवला आणि त्यांच्या खिडकीपाशी माझं टेबल टाकलं. बायको म्हणाली, "अहो, विचारा तरी त्यांना." विचारायचं काय त्यात! बाबा उठले, भिंत चाचपत आत गेले.

आणि मग सुरू झाला गोंधळ! आम्ही जेवायला बसलो की हे गाढ झोपेत, आम्ही चहा घेतोय तर म्हणे "वाढा जेवायला", आणि घर झोपलं की हे दाढी करून तयार! दादा आला, बघितलं, म्हणाला, "डोकं काम देत नाही रे त्यांचं. वृद्धाश्रमात नाव घालू. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सोडू." मीही मान डोलावली... खोटं कशाला बोलू?

पण सवय जात नाही हो! आमच्या धंद्यात चुकणारं घड्याळ आलं की लगेच उघडायचं नसतं. आठ दिवस नुसतं टांगून ठेवायचं आणि रोज किती पुढे, किती मागे, ते वहीत लिहायचं. तसं बाबांचं लिहिलं. किती वाजता झोप, किती वाजता जाग. आणि काय सांगू... रोज अर्धा तास मागे! आज अर्धा, उद्या आणखी अर्धा! डोकं गेलेला माणूस इतक्या नेमानं चुकेल का? तुम्हीच सांगा!

आश्रमाला नजर गेल्याचा दाखला हवा होता, म्हणून बाबांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वहीही दाखवली. बाईंनी विचारलं, "दिवसा उजेडात बसतात का?" मी हसलो. म्हटलं, "बाई, ज्याला दिसत नाही त्याला खिडकी कशाला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "डोळा नुसता बघत नाही हो. पडद्यात थोड्या पेशी वेगळ्याच असतात, त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. त्याला चेहरे नकोत, चित्रं नकोत. उजेड आला की ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतं, बस्स. बघणाऱ्या पेशी मेल्या तरी या पुष्कळदा जिवंत असतात. उंदरातही असंच. आणि पक्ष्यांना तर कवटीतून आत झिरपलेला उजेडसुद्धा कळतो!"

अहो, अंगावर काटा आला! म्हणजे रोज सकाळी सूर्य उगवतो आणि उंदराचं, पाखराचं, तुमचं, माझं, सगळ्यांचं घड्याळ लावून जातो? किल्ली नाही, चिमटा नाही, आवाजसुद्धा नाही! आणि मी, एवढा घड्याळजी, मी माझ्याच बापाच्या घड्याळाला दोन वर्षं अंधारात टांगून ठेवलं... दवाखान्याच्या पायरीवर रडलो हो मी, भर दुपारी.

दादाला फोन लावला. "सोमवार रद्द."

"का? बरे झाले?"

"ते बिघडलेच नव्हते, दादा."

त्याच दिवशी पलंग खिडकीपाशी आणला. बाबांनी गजांवरून हात फिरवला, चेहरा बाहेर वळवला आणि तसेच बसून राहिले. मला बघवेना. पुढे महिनाभर मी वही भरत होतो. हळूहळू फरक कमी होत गेला, आणि आता? सकाळी सहाला जाग! रोज! माझ्या टेबलावरची दोन घड्याळं एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, आणि हे सहाच्या ठोक्याला उठून बसतात!

काल जरा धीर केला. म्हटलं, "बाबा, टेबलापुरती जागा द्या ना खिडकीपाशी. बारीक काम आहे, नीट दिसत नाही."

उजेडाकडचा चेहरा न हलवता म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत ना? मग ज्याला दिसतं त्याला खिडकी कशाला? दिवा लाव!"

...लावला. करता काय!