एकेचाळिसावं पान

—नाही, ते कपाट नका दाखवू मला. वैचारिक ग्रंथ पस्तीस वर्षं शिकवलेत मी, आता खून वाचतो. खून, दरोडे, विषप्रयोग, जे असेल ते. माझी तक्रार वेगळीच आहे, बाई — तुम्ही या टेबलाशी बसायला लागल्यापासून माझ्या खुणा नाहीशा होताहेत. कसल्या म्हणजे? तीन महिने झाले ना इथे येऊन? मग एवढं कळायला हवं. हलकंफुलकं वाचणारा प्रत्येक जण पुस्तकात खूण करतो — नावं सगळी सारखी, मुखपृष्ठावर तेच पिस्तूल, आधी वाचलंय की नाही ध्यानात कसं राहणार? ती निवृत्त नर्स पहिल्या कोऱ्या पानावर ठिपका देते, कोपऱ्यावरचा शिंपी शेवटच्या ओळीखाली रेघ मारतो. मी एकेचाळिसाव्या पानावर, खाली, पेन्सिलीनं बरोबरची खूण. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. तुमच्या आधीचे ग्रंथपाल काणाडोळा करायचे. तुम्ही आलात आणि पानं लख्ख करायची हौस — घरी करा ना साफसफाई. हे बोलायला नको होतं मी. पण बोललो, राहू दे.

तुम्हाला वाटेल, म्हातारा पेन्सिलीच्या खुणेसाठी एवढा का तडकतोय. का? सांगतो ना. माझी लेक दर रविवारी फोन करते, ‘बाबा, काय वाचलंत?’ — मग मी गोष्ट सांगतो आणि खुनी तिला ओळखायला लावतो. गेल्या रविवारी मधेच म्हणाली, माळी. मी म्हटलं, वा, पोरगी कुणाची. मग म्हणाली, ‘बाबा, ही तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय.’ आता ती येतेय. आज, इथेच. माझं बिऱ्हाड मोडून मला तिच्याकडे न्यायचं म्हणते — जावई भला माणूस आहे, पण त्यांच्याकडे माझी खोली म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग सरकवून केलेली जागा, आणि बाहेर पडायचं तर विचारून. मी तिला बजावलंय, डोकं शाबूत आहे माझं, बाईंनी खुणा पुसल्या म्हणून तेच पुस्तक फिरून फिरून घरी आलं. साधा कार्यकारणभाव. तर्कशास्त्राचा प्राध्यापक होतो मी, वाऱ्यावर बोलत नाही. ती तुम्हाला विचारेल, तुम्ही कबूल करायचं. बस, एवढंच काम आहे तुमच्याकडे.

काय उघडताय? ते माळ्याचंच पुस्तक? ते पान पाहिलंय मी, कोरं आहे. — बरं, नसेल पाहिलं. थांबा, चष्मा... हं. ही कुणाचीही असेल. बरोबरची खूण सगळं जग करतं. शेपूट लांब ओढलंय, मग? पेपर तपासून तपासून हात तसाच वळतो, असेल दुसरा कुणी मास्तर. एक... दोन... तीन. ही चौथी जरा थरथरलीय. म्हणजे दर वेळी मी एकेचाळीसपर्यंत आलो, वरच्या खुणा पाहिल्या, आणि त्यांच्याखाली निमूट आपली एक केली? पाहूनसुद्धा? — मान नका हलवू अशी. दया तर नकोच, तुमची मुळीच नको. मग मघाशी एवढं तोंडसुख घेतलं तेव्हा उलटून का नाही बोललात? ... कालही दाखवलं होतंत? मी काल आलो होतो?

जिन्यावर पावलं वाजताहेत. तिचीच चाल, लहानपणापासून दोन-दोन पायऱ्या चढते. मिटा ते पुस्तक. मिटा म्हणतो ना. ऐका, ‘पुसल्या’ म्हणायचं, एक शब्द, तुमचं काय जातंय, तुमची नोकरी पक्की आहे, संध्याकाळी तुम्ही तुमच्याच घरी जाणार आहात — ये गं, ये. दमलीस? या त्या बाई. विचार यांना. आत्ताच कबूल केलंय यांनी माझ्यापाशी.

बोला की.

बोला ना, बाई.